दुःखी मारियेचा चेहरा आणि छायाचित्राची साक्ष

१/ जून २०२५. स्पेनमधल्या सेव्हिल शहरात एका मूर्तीच्या पापण्यांवरून लोक रस्त्यावर आले. मूर्ती होती ‘एस्पेरान्सा माकारेना’ची, म्हणजे आशेच्या मारियामातेची. देखभालीच्या कामानंतर ती दर्शनाला खुली झाली आणि ही ती माता नव्हेच, अशी अनेक भाविकांची भावना झाली. पुरावा म्हणून पुढे आली ती जुनी छायाचित्रे. दुःखाची मुद्रा आणि तिचे छायाचित्र यांच्या नात्याविषयीचा हा थ्रेड. #इतिहास

२/ या वादामागे एक जुना प्रश्न आहे. लाकडी चेहऱ्यावरचे दुःख नेमके कुठे असते? शिल्पकाराने कोरलेल्या रेषांत, पाहणाऱ्याच्या मनात, की त्या दोघांच्या मधल्या प्रकाशात? आणि कॅमेऱ्याच्या हाती त्यातले काय लागते? उत्तर असे की कॅमेरा मुद्रा टिपतो. दुःखाचा प्रसंग मात्र त्याच्या हातून सहज निसटतो. प्रसंग निसटला की पाहणारा आपल्या मनातला प्रसंग तिथे भरतो. सगळा घोटाळा इथून सुरू होतो.

३/ आधी मूर्तींकडे वळू या. प्रोटेस्टंट सुधारकांनी प्रतिमापूजेवर टीकेची झोड उठवल्यावर कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या धर्मपरिषदेत आपली बाजू मांडली. डिसेंबर १५६३ मधील अखेरच्या सत्रात ठरले की प्रतिमा ठेवाव्यात. आदर दिला जातो तो लाकडाला वा रंगाला नव्हे, तर त्या प्रतिमेतून ज्यांचे स्मरण होते त्यांना. प्रतिमांनी लोकांना शिकवावे आणि त्यांच्या मनाला भक्तीकडे वळवावे, ही अपेक्षा होती.

४/ मन वळवण्याचे हे काम स्पॅनिश कार्यशाळांनी विलक्षण गांभीर्याने केले. लाकूड कोरणारा एक आणि ते रंगवणारा दुसरा, अशी तिथल्या कारागीर-संघांची विभागणी असे. सेव्हिलचा चित्रकार फ्रान्सिस्को पाचेको, म्हणजे व्हेलास्केसचा गुरू आणि सासरा, मूर्तीच्या कांतीसाठी चकाकी नसलेला रंग पसंत करी. त्याचा चित्रकलेवरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६४९ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा रंगावर प्रकाश उसळत नाही, मुरतो. त्यामुळे लाकूड त्वचेसारखे भासते.

५/ या कलेचा एक शिखरबिंदू म्हणजे पेद्रो दे मेना (१६२८–१६८८). जन्म ग्रानादाचा, कारकीर्द मालागाची. त्याने घडवलेल्या शोकमग्न मारियेच्या अर्धपुतळ्यांना काचेचे डोळे आहेत, गालांवर काचेचे अश्रू आहेत. भुवयांची आतली टोके वर उचललेली, ओठ किंचित विलग. रडणे नुकतेच थांबले आहे आणि कोणत्याही क्षणी पुन्हा सुरू होईल, असा तो चेहरा.

६/ भुवयांची ही भाषा कारागिरांनी डोळ्यांनी वाचली होती. विज्ञानाने ती दोन शतकांनी कॅमेऱ्याच्या साहाय्याने नोंदवली. फ्रेंच वैद्य द्यूशेन याने चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे झटके देऊन निरनिराळ्या भावमुद्रा उमटवल्या आणि १८६२ मध्ये त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. डार्विनने १८७२ च्या आपल्या ग्रंथात त्यांतली काही वापरली. त्या छायाचित्रांतल्या माणसाला शोक झालेला नव्हता. त्याचा फक्त स्नायू आकसला होता. कॅमेऱ्याच्या बाल्यावस्थेतच हे सिद्ध झाले की दुःखावाचूनही दुःखाची मुद्रा उमटू शकते.

७/ सेव्हिलची माकारेना मेनाच्याच काळातली, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. शिल्पकार अज्ञात, पेद्रो रोल्दान किंवा त्याची कन्या लुइसा रोल्दान यांची नावे घेतली जातात. कोरलेले आहेत ते फक्त मुख आणि हात. उरलेला देह म्हणजे लाकडी सांगाडा, त्यावर वस्त्रे आणि अलंकार चढतात. गालांवर काचेचे पाच अश्रू, आणि नाव मात्र ‘आशा’. या विसंगतीतच तिचे सारे आकर्षण आहे.

८/ तो चेहरा पाहण्याची खरी वेळ म्हणजे पवित्र आठवड्यातील गुरुवार आणि शुक्रवार यांच्यामधली रात्र. गोव्यात ज्यांना कोन्फ्रारी म्हणतात, तशा बंधुमंडळाची ही मिरवणूक असते. छत असलेला जड मंच खाली पडद्याआड चालणारे लोक मानेवर वाहतात. मातेपुढे मेणबत्त्यांच्या रांगा. मंच झुलतो, ज्योती थरथरतात, अश्रू क्षणभर लकाकतात, सावली ओठांवरून सरकते. एका बाजूने पाहिले तर हसू आणि दुसऱ्या बाजूने पाहिले तर रडू, असे सेव्हिलमध्ये म्हटले जाते.

९/ कॅमेऱ्याच्या वाट्याला यातला एकच क्षण येतो. समोरून फ्लॅश पडला की सावल्या पुसल्या जातात आणि चेहरा बाहुलीसारखा सपाट होतो. बाजूला एकच दिवा ठेवला की तोच चेहरा शोकाकुल होतो. दूरच्या लेन्सने चौकटभर घेतलेले मुख तर रस्त्यावरच्या भाविकाला शतकानुशतके दिसलेच नव्हते. त्याला दिसत असे ती गर्दीच्या, फुलांच्या आणि ज्योतींच्या पलीकडे, उंचावर तरंगत येणारी माता. छायाचित्र खोटे नसते. ते एका बाजूचे असते.

१०/ एक उदाहरण घेऊ. मे १९२० मध्ये होसेलितो ‘एल गाय्यो’ हा विख्यात बैलझुंजकार झुंजीत मारला गेला. वय अवघे २५. तो माकारेनाचा निस्सीम भक्त होता. तिच्या वस्त्रावर आजही झळकणारी हिरव्या खड्यांची फुले त्याचीच भेट. त्याच्या मृत्यूनंतर मातेला काळी शोकवस्त्रे नेसवण्यात आली.

११/ त्या काळ्या वेशातील मातेचे छायाचित्र आजही पुनःपुन्हा छापले जाते. चेहरा तोच, अश्रू पाचच. खालची तारीख काढून टाकली, तर ते क्रुसावर मेलेल्या पुत्रासाठी शोक करणाऱ्या आईचे चित्र ठरते. तारीख ठेवली, तर एका शहराने आपल्या २५ वर्षांच्या लाडक्यासाठी केलेल्या शोकाचा तो दस्तऐवज होतो. चेहऱ्याची एकही रेषा बदललेली नाही. अर्थ बदलला तो चित्राखालच्या ओळीने.

१२/ तरीही छायाचित्राला कमी लेखता येणार नाही. एप्रिल १९३२ मध्ये सान हुलियान चर्चला लागलेल्या आगीत तिथली इनिएस्ताची प्राचीन मूर्ती नष्ट झाली. जुलै १९३६ मध्ये यादवी युद्धाला तोंड फुटले आणि माकारेनाचे सान हिल हे चर्चही जळाले. माकारेना आधीच लपवली गेल्याने वाचली. इतर अनेक मूर्ती वाचल्या नाहीत. अशा चेहऱ्यांची शेवटची साक्ष छायाचित्रांनीच जपली आहे. राखेतून रेषा परत मिळत नाहीत. काचेच्या निगेटिव्हमधून मिळू शकतात.

१३/ आता पुन्हा जून २०२५. त्या शनिवारी परतलेल्या मूर्तीच्या पापण्या अधिक लांब वाटत होत्या आणि नजर वेगळी. टीका होताच पापण्यांवर घाईने पुन्हा काम केले गेले. त्याने रोष आणखी वाढला. अखेर बंधुमंडळाला भाविकांची माफी मागावी लागली आणि पुढील दुरुस्ती दुसऱ्या तज्ज्ञांकडे सोपवावी लागली. जुनी आणि नवी छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून जगभर फिरवली गेली. एका लाकडी मुखाची शहानिशा हजारो पडद्यांवर झाली.

१४/ भाविकांचा आक्षेप रास्त होता. पापणी हा तपशील क्षुल्लक नव्हे. तिच्या सावलीवर नजरेचा भाव ठरतो. परंतु या पडताळणीची मर्यादाही ओळखायला हवी. जुनी छायाचित्रेही एकमेकांशी जुळत नाहीत. एक मेणबत्तीच्या उजेडातले, दुसरे विजेच्या दिव्याखालचे; एक खालून, दुसरे समपातळीवरून. त्यांतले कोणते ‘मूळ’ मानायचे? ज्याला जे आवडते ते तो मूळ मानतो, आणि मग आवड हीच पुरावा होऊन बसते.

१५/ दुःखमुद्रेला प्रसंगाची साथ लागते, हे मराठीच्या इतिहासालाही अपरिचित नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातील राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. दहा हजारांहून अधिक मराठी ओव्यांच्या या ग्रंथात ख्रिस्ताच्या यातनांचीही कथा येते. हे पुराण चर्चमध्ये जमलेल्या लोकांना वाचून दाखवले जाई. तिथे शोक कोणा एका चेहऱ्यात बंद नव्हता. तो आवाजात, दिवसात आणि समुदायात वाटलेला होता. मूर्तीचा शोकही तसाच असतो.

१६/ इथवरचा प्रश्न लाकडाचा होता. पण चर्चमध्ये घडलेली ही नजर चर्चबाहेरही चालत जाते आणि जिवंत माणसांवर स्थिरावते. २२ सप्टेंबर १९९७ च्या रात्री अल्जीरियातील बेंताल्हा येथे भीषण हत्याकांड झाले; शेकडो माणसे मारली गेली. दुसऱ्या दिवशी रुग्णालयाबाहेर भिंतीला टेकून आक्रोश करणाऱ्या एका स्त्रीचे छायाचित्र होसीन झाउरार या वृत्तछायाचित्रकाराने घेतले.

१७/ कललेली मान, उघडे ओठ, डोक्यावरचे वस्त्र. युरोपातील वृत्तपत्रांना त्यात लगेच शोकमग्न मारिया दिसली. छायाचित्राचे नावच ‘बेंताल्हाची मॅडोना’ पडले, आणि १९९७ चे सर्वोत्कृष्ट वृत्तछायाचित्र म्हणून वर्ल्ड प्रेस फोटोने त्याचा गौरव केला. सोबतच्या मजकुरात म्हटले होते की तिची आठ मुले मारली गेली. ते खरे नव्हते. तिने गमावले होते ते आपल्या भावाचे कुटुंब.

१८/ ही चूक घाईची म्हणून सोडून देता येईल. पण ती इतक्या सहज पचली का, हा खरा प्रश्न आहे. मॅडोना म्हटले की मारलेले मूल गृहीतच असते. चौकट आधी तयार होती. त्या मुस्लिम स्त्रीला तिच्यात बसवले गेले. भावासाठी रडणारी बहीण त्या चौकटीत मावत नव्हती, म्हणून तिला आई केले गेले. पुढे तिने याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. जगाला तिचा चेहरा पाठ झाला, तिचे दुःख मात्र कळलेच नाही.

१९/ यावर कोणी म्हणेल, त्या साम्यामुळेच तर जगाने बेंताल्हाकडे पाहिले. यात तथ्य आहे. ओळखीच्या मुद्रेपाशी नजर थबकते, आणि थबकलेल्या नजरेतून करुणा जन्मते. पण ही करुणा कोणासाठी, हे विचारावे लागते. लाकडी मारियेला दुसऱ्याचा शोक पांघरता येतो. त्यासाठीच ती घडवलेली आहे. होसेलितोसाठी ती काळे नेसली, त्यात तिच्यावर अन्याय झाला नाही. जिवंत स्त्रीवर परका शोक पांघरला की तिचा स्वतःचा शोक हिरावला जातो.

२०/ म्हणून इतिहासाच्या वाचकाने दुःखाचे छायाचित्र पाहताना आधी चेहरा नव्हे, चेहऱ्याभोवतीचे पाहावे. दिवस कोणता? प्रकाश कशाचा? कॅमेरा खाली होता की वर? चित्राखालची ओळ कोणी लिहिली, आणि चित्रातल्या माणसाला ती मान्य होती का? एवढे विचारले तर छायाचित्र उत्तम साक्षीदार ठरते. सेव्हिलच्या लोकांनी काही पापण्यांसाठी शहर जागे केले. बेंताल्हाच्या त्या स्त्रीच्या बाजूने एक ओळ दुरुस्त करण्यासाठी तेवढीच जागरूकता दाखवली गेली असती, तर छायाचित्राच्या इतिहासातला एक मोठा अन्याय टळला असता.