दान की ठेव?

नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाने आपलेच रक्त काढून ठेवायचे आणि गरज पडली तर तेच त्याला चढवायचे, या पद्धतीलाही आपण सर्रास 'रक्तदान' म्हणतो. मला हा शब्द खटकतो. धर्मशास्त्राच्या व्याख्येनुसार दानात वस्तूवरील आपले स्वत्व सुटून दुसऱ्याचे स्वत्व निर्माण होते. इथे स्वत्व सुटतच नाही. पिशवीवर रुग्णाचे नाव असते, तिला साधारणतः ३५ दिवसांची मुदत असते, आणि रक्त वापरले गेले नाही तर ते सहसा दुसऱ्याला न देता नष्ट केले जाते. ही ठेव आहे. १९३७ साली शिकागोत बर्नार्ड फँटस यांनी 'ब्लड बँक' हा शब्द रूढ केला. मराठीने त्याची 'रक्तपेढी' केली. कापसाच्या व्यापारावर वाढलेल्या यवतमाळला पेढी म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. (२०२० पासून कायद्याच्या भाषेत तिचे 'रक्तकेंद्र' झाले. असो.)

शब्दाचा कीस कशाला, असे कुणी म्हणेल. पण ठेव म्हटले की पुढचा प्रश्न आपोआप येतो: ठेवायला आहे कुणाजवळ? हिमोग्लोबिन सहसा ११ ग्रॅमच्या खाली असेल तर रक्त काढत नाहीत. आमच्या जिल्ह्यातल्या, कापूस वेचणाऱ्या रक्तक्षयी बाईला किंवा सिकलसेलग्रस्त आदिवासी तरुणाला ही पेढी बंदच. त्यांना परक्याचे दानच तारते, आणि ते खऱ्या अर्थाने दान असते. म्हणून धडधाकट माणसाने निव्वळ परक्या रक्ताच्या धास्तीने स्वतःची पिशवी राखून ठेवावी, हे मला पटत नाही. ऐंशीच्या दशकात एड्सच्या भीतीने अमेरिकेत ही पद्धत फोफावली. रक्ताच्या चाचण्या सुधारल्यावर ओसरली.

एका माणसाची गोष्ट मात्र वेगळी. १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला 'बॉम्बे' रक्तगट भारतात अंदाजे दहा हजारांत एकाचा. वरवरच्या तपासणीत तो 'ओ' भासतो, पण 'ओ' गटाचे रक्त त्याच्या जिवावर बेतते. यवतमाळात अशा रुग्णाला जुळणारा दाता ऐनवेळी कुठून मिळणार? त्याची ठेव त्याच्याच नसांत आहे. ती निदान ७२ तास आधी काढून व्हावी लागते, आणि झीज भरून यायला आठवडे लागतात. तेव्हा शस्त्रक्रियेची तारीख ठरतानाच डॉक्टरांना विचारावे. भरती होताना विचारून उपयोग नाही.