अणुभट्टीचे वय कशावरून मोजावे?

थ्रेड. अणुभट्ट्यांचा इतिहास आपण उद्घाटनांच्या तारखांनी लिहितो. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बेत ‘अप्सरा’ कार्यान्वित झाली, पुढच्या जानेवारीत नेहरूंनी तिचे नामकरण केले. हे बहुतेकांना ठाऊक असते. भट्टी वृद्ध झाल्यावर तिचे काय होते, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

संशोधन अणुभट्टी वीज निर्माण करीत नाही. तिचे पीक म्हणजे न्यूट्रॉन. पदार्थावर आदळून विखुरलेल्या न्यूट्रॉनांवरून आतील अणूंची मांडणी, त्यांची कंपने आणि चुंबकीय रचना कळते. क्ष-किरणांना जवळजवळ न दिसणारा हायड्रोजनही त्यांना दिसतो.

या विद्येत आपण केवळ शिष्य नव्हतो. पी. के. अय्यंगार यांनी कॅनडात बर्ट्रम ब्रॉकहाउस यांच्यासोबत जर्मेनियमवर काम केले आणि परतल्यावर ट्रॉम्बेत स्वदेशी उपकरणे उभी केली. १९६४ मध्ये या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली. ट्रॉम्बेत घडलेला स्पेक्ट्रोमीटर फिलिपिन्सच्या अणुभट्टीवरही बसला. (ब्रॉकहाउस यांना नोबेल मिळाले ते १९९४ मध्ये!)

आता ‘सिरस’ पाहा. १९६० साली सुरू झालेली ४० मेगावॉटची ही भट्टी १९९७ मध्ये दुरुस्तीसाठी थांबवली गेली आणि सुमारे पाच वर्षांच्या परिश्रमानंतर पुन्हा चालू झाली. परंतु २००६ च्या भारत-अमेरिका अणुसमझोत्यात ती बंद करण्याचे ठरले, आणि ३१ डिसेंबर २०१० रोजी ती कायमची थांबली. अभियंत्यांनी वाढवलेले आयुष्य मुत्सद्द्यांनी आखडते केले. पोखरणच्या १९७४ च्या स्फोटातील प्लुटोनियम तिचेच होते, हे लक्षात घेता यात नवल नाही. तिच्याभोवतीच्या न्यूट्रॉन उपकरणांचा मात्र या वादाशी काही संबंध नव्हता.

‘अप्सरा’ २००९ मध्ये थांबली आणि १० सप्टेंबर २०१८ रोजी दुप्पट शक्तीने, २ मेगावॉटची होऊन परतली. इंधन आता कमी समृद्ध युरेनियमचे. अधिकृत निवेदनात पहिला मान वैद्यकीय समस्थानिकांना होता, आणि तो रास्तच आहे. पण मधली नऊ वर्षे कोणी मोजली?

आज न्यूट्रॉन शलाकांवरील संशोधनाचा मुख्य भार १९८५ च्या ‘ध्रुव’वर आहे. १०० मेगावॉटच्या या भट्टीने चाळिशी ओलांडली आहे. विद्यापीठांतील संशोधकांनाही तिथेच वेळ मागावा लागतो. माझ्या मते तिच्या नूतनीकरणाची चर्चा गाभ्यापासून नव्हे, उपकरणांच्या दालनापासून सुरू व्हावी: शोधक किती जुने झाले आहेत, न्यूट्रॉन वाहून नेणाऱ्या नलिकांत किती गळती होते, एका विद्यार्थ्याला मोजणीसाठी किती महिने थांबावे लागते. आणि काम काढण्यापूर्वीच जाहीर व्हावे की ‘ध्रुव’ थांबलेली असताना या विद्यार्थ्यांनी न्यूट्रॉन कुठून आणायचे.