शंभर पास. पण तपासलं काय?

परवा एक सहकारी खुशीत आला. "शंभरच्या शंभर टेस्ट पास!" चढत्या क्रमाच्या यादीत नवा आकडा घातला तर क्रम टिकतो का, हे तो रँडम डेटाने तपासत होता. म्हटलं, याद्या केवढ्या होत्या रे? उघडून पाहिलं, तर बहुतेक रिकाम्या, नाहीतर एक-दोन आकड्यांच्या!

अहो, होणारच. दहा वेगवेगळे आकडे रँडम घेतले तर ते आपणहून चढत्या क्रमाने येण्याची शक्यता ३६,२८,८०० मध्ये एक. बिनक्रमाच्या याद्या फेकून दिल्यावर उरते ती चिल्लर. क्विकचेकवाल्या क्लासेन आणि ह्यूज यांनी २००० सालच्या त्यांच्या पेपरातच हा खड्डा दाखवलाय, उपायासकट: मुळात क्रमवारच यादी देणारा जनरेटर लिहा, आणि कसला डेटा आला त्याची मोजदाद छापून बघा. पण तेवढं वाचतो कोण? हिरवी खूण दिसली की चालले चहाला!

रँडम म्हणजे डोकं गहाण ठेवायचा परवाना नव्हे हो. माझ्या मते जनरेटर लिहिणं हेच खरं टेस्टिंग, बाकी सगळं हमाली.

असो. कुरकुरत का होईना, त्याने जनरेटर बदलला. पाच आकड्यांच्या यादीत मधे आकडा घालताना क्रम मोडला. तो कोड गेले काही महिने ग्राहकाकडे चालू होता.