रोसिनान्टवरचे ओझे

जॉन स्टाइनबेकने १९६० साली पाऊण टनी जीएमसी पिकअपच्या हौद्यावर छोटेसे घर बसवून घेतले, डॉन किहोटेच्या घोड्यावरून तिला ‘रोसिनान्ट’ हे नाव दिले आणि तो अमेरिका पाहायला निघाला. ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ (१९६२) या त्याच्या प्रवासवर्णनातील संवाद कितपत खरे, यावर पुढे बराच वाद झाला. मला त्या संवादांपेक्षा सामानाची यादी अधिक प्रामाणिक वाटते. हत्यारे, लोकांना शिकारी वाटावा म्हणून बंदुका, आणि न वाचलेली दीडशे पौंड पुस्तके (हा मोह आपल्याला परका नाही!). लांबच्या वाटेसाठी गाडी सजवताना माणूस तिच्यावर स्वतःची भीती आणि हौस दोन्ही लादतो. संवाद रचता येतात. वजन रचता येत नाही. ओरेगॉनमध्ये, भर पावसात, रोसिनान्टचा मागचा टायर फुटलाच.