सहलीच्या वाटेवर नसलेली पिंपरी

इंग्रज कप्तान एडवर्ड मूर याने इ. स. १८०० मध्ये चिंचवडच्या देवांची भेट घेतली आणि मोरया गोसावींच्या वंशात गणपतीचा अंश पिढीजात उतरतो, या श्रद्धेचे वृत्त ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये छापविले, पुढे १८०९ मध्ये आलेल्या मारिया ग्रॅहम या विदुषीला मात्र साध्याशा ओसरीवर बसविलेले बालदेव, त्यांच्या नजरेतील अफूमुळे आलेले म्हणून सांगितले गेलेले भ्रमिष्टपण आणि भोवतालची पुष्ट ब्रह्ममंडळी, एवढेच ठळक दिसले. घटकाभर टेकलेल्या पाहुणीला देवांच्या इनामगावांच्या सनदा, तेथील वसूल आणि तो भरणारा कुणबी कोठून दिसावा?

बाईंच्या या उद्दामपणाचा आपल्याला राग येतो आणि तो रास्तही आहे. परंतु आपल्या पर्यटन-पत्रकांची तऱ्हा फारशी निराळी नाही. बाईंनी कुत्सितपणे गाळले, पत्रके भक्तिभावाने गाळतात, इतकाच भेद. मोरया गोसावींची समाधी, चापेकर वाडा, निगडीची दुर्गा टेकडी, पुढे देहू-आळंदी, हा क्रम ठरलेला. मात्र पिंपरीच्या ज्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने, म्हणजे सर्वांच्या तोंडच्या ‘एचए कंपनी’ने, १९५५ पासून देशाला पेनिसिलिन पुरविले, ज्या टेल्को-बजाजच्या पाळ्यांवर परजिल्ह्यांतली हजारो कुटुंबे येथे स्थिरावली आणि ज्यांच्यामुळे १९७० ची पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, त्या कारखान्यांना पत्रकात जागा नाही. धुराडे प्रेक्षणीय नसते, हा निवाडा कोणी केला?

चाकणचा संग्रामदुर्ग १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्ताखानाविरुद्ध सुमारे दोन महिने लढविला, हे पाहुण्याला अभिमानाने सांगितले जाते. चाकणच्याच ज्या तळेगाव चौकात त्याची मोटार मालट्रकांच्या रांगेत तिष्ठते, त्या चौकाविषयी अक्षर नाही. (तेथे त्याचा मुक्काम किल्ल्यापेक्षा अधिक घडतो!) आळंदीच्या इंद्रायणीकाठच्या घाटाचे चित्र निर्मळ पाण्याचे, आणि पायरीवर उतरून पाहावे तर अनेकदा सांडपाण्याचा पांढरा फेस पात्रभर तरंगत असतो व वारकरी तो हाताने बाजूला सारून स्नान करतात. हे दडवून पाहुण्याची श्रद्धा टिकत नाही, उलट पत्रकावरचा विश्वास तेवढा उडतो.

महानगरपालिकेने सहलीच्या बसला एचए कंपनीच्या आवारात अर्ध्या तासाचा थांबा द्यावा, पेनिसिलिन कसे तयार होई हे सांगण्यास तेथल्या निवृत्त कामगारांनाच मानधनावर नेमावे आणि माहितीपत्रकाच्या पुढील आवृत्तीत इंद्रायणीचे खरे छायाचित्र छापावे.