सवय होते हो!

गणपतीत ध्वनिवर्धकाविरुद्ध ब्र काढून पाहा. लालबागपासून गिरगावापर्यंत एकच उत्तर मिळतं : "सवय होते हो!"

होते की! पण कुणाला? मेंदूला. मेंदू हा मुरलेला हेडक्लार्क. तोच तो कागद पुन्हा आला की न वाचता बाजूला सारतो. म्हणून तर रुळांशेजारी राहणारा दादरकर लोकलच्या खडखडाटात खुशाल घोरतो आणि बाळ कुरकुरलं की टुणकन उठतो. कान मात्र बिचारा दारावरचा शिपाई. त्याला पापणी नाही, रजा नाही, आलेलं टपाल परत पाठवायची सोय नाही.

या कानाच्या शंखात जेमतेम १५ हजारांच्या आसपास केसपेशी असतात. ही आपली जन्माची ठेव. मोडली की मोडली. नवी भर पडत नाही. साहेब डुलक्या घेत असले, तरी खात्यातून पैसे जातातच! डेसिबलचा हिशेब तर सावकारी : आकडा दहाने वाढला की आवाजाची ऊर्जा दसपट. २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५, रात्री ४५ ही मर्यादा आहे. तिचीही आपल्याला सवय झालीय, न पाळण्याची.

"परंपरा आहे," म्हणतात. १८९३ साली गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला, तेव्हा ध्वनिवर्धक जन्मालाही आला नव्हता. आरत्या गळ्यानेच म्हटल्या गेल्या. देवाचे कान सुपाएवढे. त्याला ऐकू गेल्याच असतील.

प्रश्न आपला आहे. उद्या तो प्रसन्न होऊन "तथास्तु" म्हणाला, तर आपण विचारणार, "काय म्हणालात?"