परसबागेत रुबार्ब की चुका?

विदेशी भाज्यांचे आकर्षण आता शहरी परसबागांपर्यंत पोहोचले आहे. रुबार्ब ही त्यांपैकीच एक. लालसर, आंबट देठांसाठी युरोप-अमेरिकेत लावली जाणारी ही बहुवर्षायू भाजी जयपूरच्या परसबागेत निरोगी वाढेल काय? उन्हाळ्याची धग जवळपास तशीच असल्याने हा प्रश्न विदर्भ-मराठवाड्यालाही लागू पडतो.

रुबार्बचा गड्डा हिवाळ्यात सुप्तावस्थेत जातो. ती मोडण्यासाठी त्याला अनेक आठवडे सुमारे ५ अंश सेल्सिअसखालील थंडी लागते. जयपुरात जानेवारीच्या रात्रीही सरासरी ८ अंशांच्या आसपास असतात आणि मे महिन्यात पारा ४० अंश ओलांडतो. रुबार्बची भारतीय भगिनी रेवंदचिनी हिमालयाच्या उंच, थंड उतारांवर वाढते, हे पुरेसे बोलके आहे.

उष्णतेच्या ताणामुळे देठ बारीक राहतात व पाने कोमेजतात. मग पाणी वाढवले जाते आणि गड्डा कुजतो. अशा दुर्बल झाडावर मावा दिसताच फवारणी पंप बाहेर निघतो. दुखणे हवामानाचे आणि औषध मात्र किडीवर, असा हा प्रकार आहे. चुकीच्या जागी लावलेले पीक कोणत्याही कीटकनाशकाने निरोगी होत नाही.

हौसेसाठी पावसाळ्याच्या अखेरीस सावलीत रोपे तयार करून रुबार्ब हंगामी पीक म्हणून घेता येईल व उन्हाळ्यापूर्वी देठ काढता येतील. मात्र त्याची पाने विषारी असतात. खाण्याजोगे केवळ देठ. याच पानांचा काढा घरगुती कीटकनाशक म्हणून भाजीपाल्यावर फवारण्याचा सल्ला विस्तार कार्यकर्त्यांनी देऊ नये. वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक, हा समज घातक आहे.

तोच आंबटपणा हवा असेल, तर रुबार्बच्याच कुळातील आंबट चुका हाताशी आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निचऱ्याच्या वाफ्यात बी पेरल्यास सुमारे दीड महिन्यात पहिली कापणी मिळते आणि पुढेही फुटवे येत राहतात. वारंवार कापल्या जाणाऱ्या या भाजीवर रासायनिक फवारणी टाळणेच इष्ट, कारण दोन कापण्यांमधील अंतर अवशेष नाहीसे होण्यास पुरेलच असे नाही. मावा आढळल्यास प्रथम पाण्याचा जोरदार फवारा द्यावा व कीडग्रस्त पाने खुडावीत. ढालकिडे किंवा सिरफिड माशीच्या अळ्या दिसत असतील, तर त्यांना त्यांचे काम करू द्यावे. तरीही प्रादुर्भाव वाढल्यास ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा. दोन्ही भाज्यांत ऑक्झॅलिक आम्ल असल्याने मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी त्या जपूनच खाव्यात.

नव्या पिकाचे कुतूहल स्वागतार्हच आहे. तथापि, ‘कोणते औषध मारू?’ असे विचारणाऱ्याला विस्तार कार्यकर्त्याने आधी ‘कोणते पीक, कोणत्या महिन्यात लावले?’ असे विचारावे. अनेकदा उत्तर तेथेच सापडते.